बटण बंद कोण करतं?

(वासंतिक व्याख्यानमालेतील व्याख्यान)



या मंचावर आजवर संतसाहित्यापासून अर्थसंकल्पापर्यंत पुष्कळ विषय होऊन गेले. संगणकातल्या एका बटणावर कोणी तासभर बोलावं आणि आपण इतक्या उकाड्यात बसून ते ऐकावं, हे दोन्ही बाजूंनी धाडसच म्हणायचं. पण व्याख्यानमालेच्या कार्यवाहांनी विषय विचारला तेव्हा मी हाच सांगितला. डॉक्टर असोत, सीए असोत, छापखानेवाले असोत की शाळेतले लिपिक, मला भेटणाऱ्या बऱ्याच जणांची तक्रार शब्दाला शब्द तीच असते : "विंडोजची ती सुरक्षा आम्ही चालू करतो हो, पण ती आपोआप बंद होते."

स्क्रीनच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात, घड्याळाच्या शेजारी एक छोटी ढाल असते. तिच्यावर हिरवी खूण असली की सगळं ठीक. कधी तिथे पिवळा त्रिकोण येतो, कधी लाल फुली. आपण ढालीवर टिचकी मारतो, 'टर्न ऑन'चं बटण दाबतो, ढाल हिरवी होते. दुसऱ्या दिवशी पाहावं तर त्रिकोण परत हजर. पंधरा दिवस हा खेळ चालला की माणूस कंटाळतो आणि ढालीकडे बघणंच सोडून देतो. खरा धोका तिथून सुरू होतो.

मला आज एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. संगणकातलं कोणतंही बटण कारणाशिवाय बंद होत नाही. बंद करणारा कोणीतरी असतो, त्याला कोणीतरी तो अधिकार दिलेला असतो, आणि बहुतेक वेळा त्याची नोंद मागे राहिलेली असते. म्हणून 'चालू कसं करू?' हा प्रश्न जरा मागे ठेवा. आधी विचारा, 'बंद केव्हा झालं?' वेळ कळली की करणारा सापडायला फार उशीर लागत नाही.

वेळेवरून करणारा कसा ओळखायचा, ते आधी पाहू.

समजा, लॅपटॉप घरी असताना फायरवॉल चालू दिसते आणि कॉलेजच्या किंवा लॉजच्या वायफायवर गेलं की बंद दिसते. इथे काहीच बिघडलेलं नसतं. विंडोजची फायरवॉल एक नाही, तिचे तीन विभाग आहेत : कार्यालयातल्या डोमेनचा, घरच्या खासगी नेटवर्कचा आणि बाहेरच्या सार्वजनिक नेटवर्कचा. प्रत्येकाचं बटण वेगळं. कोणीतरी कधीकाळी प्रिंटर जोडताना किंवा गेम चालत नाही म्हणून सार्वजनिक विभागाचं बटण बंद केलेलं असतं. घरी ते दिसत नाही, बाहेर पडल्यावर दिसतं. आपल्याला वाटतं, आत्ताच बंद झालं. ते बंद झालेलं असतं वर्षापूर्वी.

समजा, नवा अँटीव्हायरस टाकला त्या दिवसापासून विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस, म्हणजे डिफेंडर, बंद आहे. हेही ठरल्याप्रमाणेच आहे. दोन अँटीव्हायरस एकाच फाइलवर एकाच वेळी झडप घालायला लागले तर मशीन बसतं. म्हणून पुण्याच्या क्विक हीलसारखा दुसरा अँटीव्हायरस आला आणि त्याने विंडोजकडे आपली नोंद केली, की डिफेंडर बाजूला होतो. क्विक हीलचं नाव घेतलं म्हणून सांगतो. कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केलेले कैलाश काटकर आणि अँटीव्हायरस लिहिणारे त्यांचे धाकटे बंधू संजय काटकर यांनी उभा केलेला हा उद्योग आहे. या क्षेत्रात मराठी माणूस नुसता गिऱ्हाईक नाही. दुसऱ्या अँटीव्हायरसची मुदत संपली किंवा तो काढून टाकला, की डिफेंडर परत कामावर येतो. अडचण होते ती अर्धवट काढलेल्या अँटीव्हायरसची. तो जातो, पण त्याच्या काही खुणा मागे राहतात, आणि डिफेंडर येऊ की नको या घोळात अडकतो. त्यासाठी बहुतेक कंपन्या आपला अँटीव्हायरस मुळासकट काढणारं वेगळं साधन देतात. ते वापरायचं.

समजा, बटण राखाडी झालंय, दाबताच येत नाही, आणि वर लिहिलंय की ही सेटिंग तुमच्या प्रशासकाच्या ताब्यात आहे. बँकेच्या किंवा मोठ्या कंपनीच्या मशीनवर हा संदेश योग्यच आहे. तिथलं मशीन साधारण दर ९० मिनिटांनी, त्यात अर्ध्या तासापर्यंतची भर धरून, सर्व्हरला विचारतं की काही नवे नियम आहेत का. त्या नियमांपुढे आपलं बोट चालत नाही आणि चालूही नये. पण हाच संदेश घरच्या मशीनवर दिसला तर विचारा, हा प्रशासक कोण? घरात तर तुम्ही आणि तुमची मुलगी, दोघंच वापरता. मग 'मशीन फास्ट करतो' म्हणणाऱ्या एखाद्या फुकट साधनाने तो नियम लिहून ठेवलेला असतो, किंवा आणखी वाईट कोणीतरी.

समजा, सुट्टीत मशीनची मुख्य वीज बंद होती आणि परत आल्यावर सुरक्षेचे दोन-तीन पर्याय एकदम गेले. अशा वेळी आधी घड्याळ बघा. तारीख काही वर्षं मागे गेली असेल तर मदरबोर्डवरची सेल संपली आहे. सीआर२०३२ नावाची ती नाण्याएवढी सेल, ३ व्होल्टची, कोणत्याही घड्याळजीकडे मिळते. जुन्या बोर्डांवर ती संपली की बायॉसमधल्या निवडी पुसल्या जातात आणि बोर्ड मूळपदावर येतो. त्यात प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सोय बंद होऊ शकते, आणि तिच्या आधाराने उभी असलेली विंडोजची सुरक्षाही तिच्याबरोबर जाते. आपण वर सॉफ्टवेअरमध्ये शोधत बसतो आणि कारण खाली बोर्डावर निघतं.

आणि समजा, रोज लॉगिन केल्यावर लगेच बंद होतं. हा प्रकार मात्र गंभीर. त्याच्याकडे मी सविस्तर येणार आहे, पण आधी थोडा इतिहास सांगतो. तो कळल्याशिवाय या बटणाभोवती एवढी ओढाताण का, ते समजत नाही.

२००३च्या ऑगस्टमध्ये ब्लास्टर नावाचा किडा, म्हणजे नेटवरून आपणहून पसरणारा घातक प्रोग्राम, जगभर पसरला. आपल्यापैकी ज्यांनी तेव्हा विंडोज एक्सपी वापरली त्यांना आठवत असेल : पडद्यावर एक खिडकी यायची, ६० सेकंदांची उलटी मोजणी सुरू व्हायची आणि मशीन बंद होऊन परत चालू व्हायचं. नेट जोडलं की पुन्हा तेच. ज्या फटीतून तो शिरत होता ती बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने जुलैतच दिली होती. एक्सपीमध्ये फायरवॉलही होती. पण ती येतानाच बंद असायची, ज्याला हवी त्याने शोधून चालू करायची. अर्थातच फारसं कोणी केली नाही. पुढच्या वर्षी, २००४च्या ऑगस्टमध्ये, एक्सपीचा दुसरा सर्व्हिस पॅक आला. त्याने फायरवॉल चालू ठेवूनच दिली आणि सिक्युरिटी सेंटर नावाची खिडकी आणली. आजच्या ढालीची ती आजी. सुरक्षा चालू असणं ही रीत आणि बंद करणं हा अपवाद, हे ठरलं ते तेव्हापासून.

बटण मुळातच चालू आहे म्हटल्यावर हल्ला करणाऱ्यांचं पहिलं काम ठरून गेलं : आधी ते बंद करायचं. २००८च्या नोव्हेंबरमध्ये कॉन्फिकर आला. तो शिरला की विंडोजच्या स्वयंचलित अपडेटची सेवा बंद करायचा, सिक्युरिटी सेंटर बंद करायचा, डिफेंडर बंद करायचा, आणि अँटीव्हायरस कंपन्यांच्या वेबसाइट उघडूच द्यायचा नाही. म्हणजे औषधाच्या दुकानाकडे जाणारा रस्ताही त्याने खणून ठेवलेला. पेनड्राइव्हमधूनही तो फिरत असे. त्या काळात 'आमचं अपडेट आपोआप बंद होतं' अशी जी तक्रार होती, तिच्यामागे पुष्कळदा हाच असायचा. त्याच्या कर्त्यांना पकडून देणाऱ्याला मायक्रोसॉफ्टने अडीच लाख डॉलरचं बक्षीस लावलं होतं.

यावरचा इलाज यायला मध्ये बराच काळ गेला. २०१९मध्ये विंडोज १०मध्ये टॅम्पर प्रोटेक्शन आलं. तोवर डिफेंडर बंद करायला रजिस्ट्रीमध्ये, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, एक ओळ लिहिली तरी पुरायचं, आणि ती ओळ लिहायला कोणत्याही प्रोग्रामला फक्त प्रशासकाचा अधिकार लागायचा. टॅम्पर प्रोटेक्शनने सांगितलं की प्रोग्रामने आज्ञा दिली तर ऐकायची नाही. बंद करायचंच असेल तर माणसाने विंडोज सिक्युरिटीची खिडकी उघडून, स्वतःच्या हाताने बटण सरकवावं. २०२०मध्ये ती जुनी रजिस्ट्रीची ओळही घरगुती मशीनवर निकामी करण्यात आली. शिवाय आपण स्वतः डिफेंडरची सततची देखरेख, म्हणजे रिअल-टाइम प्रोटेक्शन, बंद केलं तर थोड्या वेळाने विंडोज ते आपणहून परत चालू करते. म्हणजे आजच्या विंडोजची प्रवृत्तीच मुळी चालू राहण्याची आहे. अशा मशीनवर ते रोज बंद होत असेल तर तिथे कोणीतरी मेहनत घेतलेली आहे, हे ध्यानात घ्या.

आता एक प्रकरण जवळून पाहू. एका कर-सल्लागाराचं कार्यालय. तीन मशीन, त्यातल्या एकावर रोज सकाळी पिवळा त्रिकोण. लिपिक आला की पहिलं काम त्रिकोण घालवण्याचं, मग चहा. मशीनवाल्याने मागच्या वर्षी फॉरमॅट मारला होता, पण परत तेच.

विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर नावाची एक रोजनिशी आहे. स्टार्टमध्ये नाव टाकलं की उघडते. तिच्यात अ‍ॅप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज, त्यात मायक्रोसॉफ्ट, त्यात विंडोज, त्यात विंडोज डिफेंडर, आणि त्यात ऑपरेशनल. इतकं आत गेलं की डिफेंडरची दैनंदिनी दिसते. यातले चार आकडे लक्षात ठेवा. ५००१ म्हणजे रिअल-टाइम प्रोटेक्शन बंद झालं. ५००० म्हणजे चालू झालं. ५००७ म्हणजे डिफेंडरची एखादी सेटिंग बदलली. त्यात जुनी किंमत आणि नवी किंमत दोन्ही लिहिलेल्या असतात. आणि ५०१३ म्हणजे कोणीतरी बदल करू पाहत होतं आणि टॅम्पर प्रोटेक्शनने त्याला अडवलं.

त्या मशीनवर काय दिसलं? ५००१, ५०००, ५००१, ५०००, अशी उतरंड. सकाळी दहाच्या आसपास ५००१, त्यानंतर काही मिनिटांत ५०००. पहिली नोंद त्या अज्ञात हाताची, दुसरी आपल्या लिपिकाची. रविवारची एकही नोंद नाही. जे दिवस कार्यालय बंद, त्या दिवशी हात बंद. म्हणजे हा हात बाहेरून येत नव्हता. लॉगिन झालं की आतूनच जागा होत होता.

५००१ची नोंद वेळ सांगते, पण कोणत्या प्रोग्रामने केलं ते सांगत नाही. म्हणून वेळ हातात घेऊन पुढे जायचं. टास्क शेड्युलर उघडला. ठरलेल्या वेळी किंवा ठरलेल्या घटनेला आपणहून चालणाऱ्या कामांची ही यादी. तिच्यात अपडेटसारखं साळसूद नाव असलेलं एक काम होतं, लॉगिन होताच सुरू होणारं. त्याच्या 'अ‍ॅक्शन्स'च्या पानावर एकच ओळ : पॉवरशेल उघड, खिडकी दाखवू नकोस, आणि डिफेंडरची देखरेख बंद कर. कामाची तारीख पाहिली. फॉरमॅट मारला त्याच दिवसाची.

आता विचार करा. टॅम्पर प्रोटेक्शन असताना ही आज्ञा चालली कशी? तर ते बंद होतं. प्रोग्रामला ते बंद करता येत नाही, म्हणजे माणसानेच केलं. मशीनवाल्याने विंडोज टाकली, परवान्याचे पैसे वाचवायला विंडोज बेकायदा चालू करणारा ॲक्टिव्हेटर टाकला, आणि ॲक्टिव्हेटरबरोबर आलेल्या सूचनांमध्ये पहिलीच सूचना होती की आधी टॅम्पर प्रोटेक्शन आणि अँटीव्हायरस बंद करा, नाहीतर हे चालणार नाही. त्याने सूचना पाळली. किल्ली आतूनच फिरवून दिली.

पण मंडळी, त्रिकोणाहूनही वाईट गोष्ट एका ५००७च्या नोंदीत होती. त्या दिवशी डिफेंडरच्या अपवादांच्या यादीत एक जागा घातली गेली होती : सी ड्राइव्ह, आख्खा. अपवाद म्हणजे 'इथे तपासू नकोस' असं सांगितलेली जागा. म्हणजे लिपिक रोज सकाळी नेमाने ढाल हिरवी करत होता, आणि हिरवी झाल्यावरही डिफेंडर त्या ड्राइव्हकडे बघत नव्हता. बटण चालू असणं आणि राखण होणं यांत एवढं अंतर पडू शकतं. म्हणून ढालीचा रंग बघून थांबू नका. विंडोज सिक्युरिटीमध्ये व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन 'एक्सक्लूजन्स'ची यादी उघडा. घरगुती मशीनवर ती साधारणपणे रिकामी असावी. तुम्ही न घातलेलं काही तिथे असेल तर तो धागा सोडू नका.

त्या मशीनचं पुढे काय केलं, ते क्रमाने सांगतो, कारण क्रम महत्त्वाचा आहे. आधी नेटची वायर काढली. नोंदींचे आणि त्या कामाचे फोटो मोबाइलवर घेतले. मग दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून बँकेचे, आयकराचे, जीएसटीचे पासवर्ड बदलले. बाधित मशीनवर बदलले असते तर नवा पासवर्डही त्याच हातात पडला असता. अशिलांच्या फायलींची प्रत घेतली, पण फक्त कागदपत्रांची, प्रोग्रामची नाही. आणि मग फॉरमॅट. हो, इथे फॉरमॅट बरोबरच होता, कारण वर्षभर बिनराखणीच्या मशीनमध्ये काय काय येऊन बसलंय याची खात्री देता येत नव्हती. फरक एवढाच की या वेळी कारण माहीत होतं. मागच्या वेळी ते माहीत नव्हतं, म्हणून फॉरमॅट मारणाऱ्यानेच तो ॲक्टिव्हेटर परत टाकला. फॉरमॅटनंतरही दुखणं परत येतं त्याचं रहस्य पुष्कळदा एवढंच असतं. या वेळी विंडोजचा परवाना विकत घेतला.

आता दुसरं टोक बघू. बंद करणारा चोर नसून खुद्द विंडोज आहे, असंही होतं.

कोअर आयसोलेशन या पानावर मेमरी इंटिग्रिटी नावाचं एक बटण आहे. २०१८च्या एप्रिलच्या अपडेटपासून ते सर्वसामान्यांच्या विंडोज १०मध्ये आलं. विंडोजचा जो सर्वांत आतला गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तिथे ड्रायव्हर चालतात : प्रिंटरचा, डिस्कचा, साउंडचा. तिथे शिरलेल्या वाईट कोडला मग कोणी अडवू शकत नाही. मेमरी इंटिग्रिटी प्रोसेसरच्या व्हर्च्युअलायझेशनच्या मदतीने एक वेगळा, बंदिस्त कोपरा तयार करते आणि गाभ्यात चालणारा कोड तिथे तपासून मगच चालू देते. एक कडक नियमही लावते : मेमरीच्या ज्या पानावर लिहिता येतं तिथून कोड चालवता येणार नाही, आणि जिथून चालवता येतो तिथे लिहिता येणार नाही. जुने ड्रायव्हर हा नियम धुडकावतात, कारण ते लिहिले गेले तेव्हा असा नियमच नव्हता.

जुना ड्रायव्हर बाहेरच्या एखाद्या उपकरणाचा असेल तर विंडोज आधीच हटून बसते. बटण चालूच होत नाही आणि अडणाऱ्या ड्रायव्हरांची यादी दाखवली जाते. पण ड्रायव्हर मशीन सुरू होण्यासाठीच लागणारा असेल तर? बटण चालू केलं, मशीन रीस्टार्ट झालं, आणि सुरू होतानाच कोसळलं, असं होऊ शकतं. म्हणून विंडोजमध्ये एक सोय ठेवलेली आहे : सुरू होताना मशीन कोसळलं तर मेमरी इंटिग्रिटी आपणहून बंद करायची आणि मशीन उठवायचं. घरातला एमसीबी खाली पडतो तसं हे आहे. तो पडला म्हणून तो खराब, असं आपण म्हणत नाही. कुठेतरी शॉर्ट आहे हे त्याने सांगितलेलं असतं. तो परत परत वर करणं, किंवा काडी लावून वर अडकवून ठेवणं, याला आपण मूर्खपणा म्हणू. इथेही बटणाशी झगडू नका, ड्रायव्हर शोधा.

कोणते ड्रायव्हर सापडतात? आपल्याकडे तर खास करून जुन्या प्रोग्रामांच्या हार्डवेअर लॉकचे. छापखान्यात, डीटीपीच्या दुकानात, हिशेबाच्या कार्यालयात यूएसबीला डोंगल लावल्याशिवाय उघडत नाही असा एखादा जुना प्रोग्राम असतोच. डोंगल कधीच कपाटात गेला, प्रोग्रामही कोणी उघडत नाही, पण ड्रायव्हर अजून मुक्कामाला आहे. त्याखेरीज बाहेरच्या हार्ड डिस्कबरोबर आलेला, फेकून दिलेल्या प्रिंटरचा, कधीकाळी घेतलेल्या टीव्ही कार्डाचा. विंडोजच्या यादीत अशा ड्रायव्हरचं 'पब्लिश्ड नेम' दिलेलं असतं, ओईएम आणि पुढे आकडा. ते टिपून घ्या. उपकरण वापरात असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावरून नवा ड्रायव्हर घ्या. वापरात नसेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली उपकरणं दाखवा असं सांगा, सापडलं तर काढा. नाही सापडलं तर पीएनपीयूटिल ही विंडोजचीच आज्ञा त्या नावाने ड्रायव्हर काढून टाकते. आधी रिस्टोअर पॉइंट घ्यायला विसरू नका. आणि नाव वाचून डिस्कचा वा स्टोरेजचा ड्रायव्हर वाटला तर घाईने हात लावू नका, जाणकाराला विचारा.

एवढा खटाटोप का करायचा, बंदच राहू दे ना, असं कोणी म्हणेल. २०२०च्या फेब्रुवारीत सोफोस या कंपनीच्या संशोधकांनी रॉबिनहूड नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामची पद्धत उघड केली. तो एका नामांकित मदरबोर्ड कंपनीचा खरा, सही असलेला पण सदोष ड्रायव्हर स्वतःबरोबर घेऊन यायचा. सही खरी असल्याने विंडोज त्याला आत घ्यायची, आणि त्या ड्रायव्हरच्या दोषातून हा गाभ्यात शिरून अँटीव्हायरसच मारून टाकायचा. मग फायली कुलूपबंद. अशा सदोष ड्रायव्हरांची यादी विंडोज आता बाळगते आणि मेमरी इंटिग्रिटी चालू असली की त्यांना दारातच अडवते. म्हणजे ज्या बटणासाठी आपण खटपट करतो आहोत, ते दुसऱ्या बटणांचं रक्षण करणारं आहे.

तिसरा प्रकार सगळ्यांत विचित्र. बंद काहीच झालेलं नसतं.

२०२३च्या मार्चमध्ये विंडोज ११ वापरणाऱ्यांना एकाएकी इशारा दिसू लागला की लोकल सिक्युरिटी अथॉरिटीचं संरक्षण बंद आहे, तुमचं मशीन धोक्यात असू शकतं. बटण चालू करावं, मशीन म्हणे रीस्टार्ट करा. रीस्टार्ट केलं की परत तोच इशारा. पासवर्डची राखण करणाऱ्या विंडोजच्या सेवेचं हे संरक्षण. ते बंद म्हटल्यावर कोणालाही धडकी भरेल. लोकांनी दहा-दहा वेळा रीस्टार्ट केलं. शेवटी मायक्रोसॉफ्टने मान्य केलं की डिफेंडरच्या एका अपडेटमुळे इशारा चुकीचा दिसतो आहे. संरक्षण चालू केलेलं असेल आणि एकदा रीस्टार्ट झालेलं असेल तर इशारा सोडून द्या.

ज्यांनी रोजनिशी उघडली त्यांना याची वाट बघावी लागली नाही. सिस्टीम लॉगमध्ये विनइनिट या नावाने १२ क्रमांकाची नोंद असते. ती सांगते की पासवर्डची राखण करणारी ती सेवा, एलसॅस, संरक्षित अवस्थेत सुरू झाली. ही नोंद आजच्या तारखेची असेल तर संरक्षण आहे, ढाल काहीही म्हणो. तसंच डिफेंडरचं. प्रशासक म्हणून पॉवरशेल उघडून गेट-एमपीकॉम्प्युटरस्टेटस ही आज्ञा दिली की खरी स्थिती ओळीने समोर येते : रिअल-टाइम प्रोटेक्शन आहे की नाही, टॅम्पर प्रोटेक्शन आहे की नाही, डिफेंडर स्वतः काम करतोय की दुसऱ्याला वाट देऊन बसलाय. ढालीचं चित्र हा निरोप आहे, आणि निरोप्याची चूक होऊ शकते.

तर आता उद्या सकाळी काय करायचं, ते थोडक्यात सांगतो.

बटण बंद दिसलं की ते लगेच चालू करू नका. आधी तारीख आणि वेळ वहीत लिहा. त्याच्या आदल्या दिवशी मशीनमध्ये काय नवं आलं ते आठवा : अपडेट, प्रोग्राम, प्रिंटर, कोणाचा पेनड्राइव्ह, कोणी दुरुस्तीला आलं होतं का. मग बटण चालू करा आणि पुढे केव्हा बंद होतं तेही लिहा. तीन-चार नोंदी झाल्या की नक्षी दिसू लागते. त्यानंतर खरंच बंद आहे का हे रोजनिशीत तपासा. अपवादांची यादी आणि टॅम्पर प्रोटेक्शन बघा. टास्क शेड्युलर बघा. त्याचा इतिहास मुळात बंद असतो, तो उजवीकडच्या पट्टीतून चालू करून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी कोणतं काम केव्हा चाललं ते कळेल. ज्यांना आणखी खोलात जायचंय त्यांनी सिसइंटर्नल्सचं ऑटोरन्स हे साधन घ्यावं. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांच्या या साधनांचा संच मायक्रोसॉफ्टने २००६मध्ये आपल्याकडे घेतला, तो अजून फुकट मिळतो. मशीनबरोबर आपणहून काय काय सुरू होतं, ते सगळं तिथे एका जागी दिसतं. किड्याचा संशय असेल तर डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅन चालवा. ते विंडोज सुरू होण्याआधी तपासतं, त्यामुळे विंडोजमध्ये दडून बसलेल्याला तोंड लपवायला जागा राहत नाही. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राची सफाईची साधनंही विनामूल्य मिळतात. आणि पैसे गेले असतील तर यातलं काहीही करण्याआधी १९३० या क्रमांकावर फोन.

शेवटी अधिकाराबद्दल बोलतो आणि थांबतो.

आपण पाहिलेल्या ज्या ज्या प्रकारात बटण कोणी बंद केलं, त्या प्रत्येकात बंद करणाऱ्याला अधिकार होता. कार्यालयाच्या नियमाला होता, दुसऱ्या अँटीव्हायरसला होता, विंडोजला होता, आणि त्या लपलेल्या कामालाही होता. त्याला तो कोणी दिला? विंडोज टाकताना जे पहिलं खातं तयार होतं ते प्रशासकाचं असतं. आपल्या घरोघरी आणि दुकानोदुकानी तेच एकमेव खातं असतं, त्यालाच बहुधा पासवर्ड नसतो, आणि त्याच खात्यातून लहान मुलं गेम उतरवतात आणि मोठी माणसं बँक चालवतात. त्या खात्यात चाललेल्या प्रोग्रामने परवानगी मागितली आणि आपण न वाचता 'येस' म्हटलं, की त्याला आपल्याइतकाच अधिकार मिळाला. तेव्हा प्रशासकाचं खातं वेगळं ठेवा, त्याला चांगला पासवर्ड द्या, आणि रोजचं काम साध्या खात्यातून करा. काही बसवायचं झालं तर पासवर्ड विचारला जाईल. तो विचारला गेला की क्षणभर थांबाल, तेवढं थांबणंही पुष्कळ.

आणि ही बाब फक्त संगणकापुरती नाही. वाहतुकीच्या दंडाचं चलन म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके फाइल येते, ती उघडायला गेलं की मोबाइल अडवतो, आणि पाठवणारा सांगतो की ती सूचना बंद करा, मग चालेल. विकतचा प्रोग्राम फुकट चालवणारा क्रॅक देणाराही हेच सांगतो. 'अँटीव्हायरस मध्ये येतोय, जरा बंद करा' हे वाक्य फोनवरून तुम्हाला मदत करतो म्हणणाऱ्या माणसाकडून आलं तर तिथेच फोन ठेवा. सरकारी कामाच्या संकेतस्थळासाठी म्हणून कोणी सायबर कॅफेवाला हे सांगत असेल तर त्याला विचारा, का? आणि काम झाल्यावर परत चालू कोण करणार? आपल्या मशीनवाल्यालाही विचारा : विंडोज टाकलीस त्याचा परवाना कुठाय, टॅम्पर प्रोटेक्शन चालू आहे ना, अपवादांच्या यादीत काय घातलंस? मशीन ताब्यात घेण्याआधी त्याच्यासमोरच ती तीन पानं उघडून बघा. चांगल्या कारागिराला याचा राग येत नाही. त्याच्या बिलात त्या तपासणीचे शे-दोनशे रुपये जास्त लागले तरी खुशाल द्या. फुकटच्या विंडोजपायी आपल्या त्या कर-सल्लागाराच्या अशिलांची माहिती त्यांना न विचारता पणाला लावली गेली होती, हे विसरू नका.

माझं बोलणं संपलं. आता प्रश्न विचारा. आणि ज्यांच्या मशीनवर बटण बंद होतं त्यांनी प्रश्नाबरोबर ते केव्हा बंद होतं, हेही सांगावं.